बाबांच्या बोटांचा ठेका

धम्मदीप रणपिसेला गाणं सुरू करता यायचं, पण संपवता यायचं नाही. त्याच्या मोठ्या बहिणीचं, मैत्रेयीचं, बरोबर उलटं होतं. नवं काही सुचव म्हटलं की ती दिवसभर नखं खात बसायची. पण कोणी अर्धी चाल हातात दिली, की ती पुढे कुठे वळणार हे तिला ऐकता ऐकताच कळायचं. दोघांपैकी एकटं कोणीच पुढे आलं नसतं. दोघं मिळून मात्र अंबरनाथ, बदलापूर, उल्हासनगरच्या कॉलेजांतल्या पोरापोरींना चांगलीच ठाऊक झाली होती.

घर अंबरनाथ पूर्वेला. दोन खोल्या आणि वर पोटमाळा. त्या पोटमाळ्याच्या भिंतींना त्यांनी जुन्या गाद्या आणि गोधड्या ठोकल्या होत्या आणि तिथेच रेकॉर्डिंग चालायचं. यूट्यूबवर पहिलं गाणं टाकताना दोघांचं मिळून काहीतरी नाव हवं होतं. काय ठेवावं यावर वाद सुरू असताना खालून बाबा ओरडले, "आधी त्या पोटमाळ्यावरून उतरा, भात निवतोय!" नाव तेच पडलं. पोटमाळा.

त्यांची पद्धत ठरलेली होती. धम्मदीप गिटार घेऊन बसायचा आणि तोंडाला येतील ते आवाज काढत चाल गायचा. त्याला शब्द सुचत नसत, म्हणून नुसतंच काहीतरी: ताली नाली खोली, डब्यात डाबू. मैत्रेयी डोळे मिटून ऐकायची. मग एकदम म्हणायची, "थांब. तू खोली म्हणालास."

"मी काहीच म्हणालो नाही."

"म्हणालास. खोली. भाडेकरू सोडून गेलाय आणि खोली रिकामी आहे. पुढे गा."

आणि संध्याकाळपर्यंत गाणं तयार असायचं. ते बडबडगीत नसून आत कुठेतरी शब्द आधीच दडलेले आहेत, असा तिचा पक्का समज होता. भावाला ते दिसत नाहीत एवढंच.

आवाजही असे उलटे. तिचा खालचा, जाड. फोनवर लोक तिला "दादा" म्हणायचे. त्याचा वरचा, बारीक. एकत्र गायले की कोणता आवाज कुणाचा हे नवख्याला कळत नसे, आणि लोकांना आवडायचं ते बहुतेक हेच.

भांडणं तर रोजचीच. "शी! हे गाणं आहे की सोसायटीची नोटीस?" असं तो तिच्या ओळी ऐकून म्हणायचा. "तुझ्या चालीवर वॉशिंग मशीन विकता येईल, दुसरं काही नाही," असं ती. खाली आई, शालन, भाकऱ्या थापता थापता ऐकायची आणि शेजारणीला सांगायची, "मारामारी नाय, काम चाललंय त्यांचं." दोघांना एकमेकांचं काही लागायचं नाही. खराब ते खराब, तोंडावर सांगायचं. मग दुसरं करायचं.

पोटासाठी दोघांच्याही नोकऱ्या होत्या. मैत्रेयी स्टेशनजवळच्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये काउंटरला बसायची. धम्मदीप उल्हासनगरला, कॅम्प तीनमधल्या हरेश चंदवानी यांच्याकडे. हरेशभाईंचा साउंड आणि डीजेचा धंदा होता. लग्नसराईत कल्याणपासून कर्जतपर्यंत त्यांचे स्पीकर जात, आणि स्पीकरमागे मिक्सरवर धम्मदीप.

दोघांमध्ये गाणं आलं होतं ते बाबांकडून. राजेंद्र रणपिसे एमआयडीसीत रंगाच्या एका कंपनीत पाळीवर होते, पण तरुणपणी ते गायन पार्टीत ढोलकीवर असत. एप्रिल महिना उजाडला की महिनाभर घरी नसायचेच. आज शहापूर, उद्या भिवंडी, भीमजयंतीची एकेक वस्ती घेत फिरायचे. लग्न झालं, कंपनी लागली, पार्टी सुटली. हात मात्र सुटले नाहीत. ताट असो, दार असो, शेअर रिक्षात मांडीवर ठेवलेला डबा असो, बोटं चाललेलीच. आणि ठेका असा धावता, की समोरचा माणूस नकळत पाय हलवायला लागायचा. मुलांचं नवं गाणं ऐकून ते दोनच गोष्टी सांगत. एक तर "बसलं", नाहीतर "बसलं नाय." का ते कधी सांगितलं नाही. पण ते "बसलं नाय" म्हणाले की दोघं निमूट परत वर चढत.

मग बाबांच्या छातीनं दगा दिला. कंपनीतल्या वाफांमुळे की बिडीमुळे, हे कोणी ठामपणे सांगितलं नाही. आधी जिना चढताना दम लागायचा, मग बसल्या बसल्या. शेवटी पुढच्या खोलीत लोखंडी खाट आणि तिच्या उशाशी ऑक्सिजनचं मशीन आलं. एक शब्द काढला तरी धाप लागायची म्हणून बाबांनी बोलणंच सोडून दिलं. काही हवं असलं तर खाटेच्या दांड्यावर बोटं वाजवायचे. आणि काही नको असलं तरी वाजवायचे. दुपारी मैत्रेयी शेजारी बसलेली असली की ती बोटं ऐकायची. तोच जुना ठेका होता, पण थकलेला. एक ठोका, मग मोठी पोकळी, मग दुसरा. दर वेळी तिला वाटायचं, आता पुढचा येणार नाही.

एकदा ती पाणी घेऊन आली तर धम्मदीप खाटेच्या दांड्याला मोबाइल टेकवून बसला होता.

"हे काय करतोस?"

"रेकॉर्ड."

"कशाला पण?"

"माहीत नाही, ताई," तो म्हणाला. आणि खरंच त्याला माहीत नव्हतं.

बाबा थंडीत गेले. पाहुणे आले आणि गेले, आणि घरात इतकी शांतता झाली की मशीन परत नेल्यावरसुद्धा आईला त्याची घरघर ऐकू यायची.

काही आठवड्यांनी एका रविवारी मैत्रेयी स्वतःहून पोटमाळ्यावर चढली. धम्मदीप हेडफोन लावून बसला होता. ती म्हणाली, "माझ्याकडे एक आहे."

असं आजवर कधी घडलं नव्हतं. गाणं पहिल्यांदाच तिच्याकडून सुरू होत होतं. धम्मदीपने बाबांच्या बोटांचं रेकॉर्डिंग लावलं, हळूहळू पडणारे ते ठोके, मागे मशीनची घरघर. माइक तिच्यासमोर सरकवला. ती गायली:

*हळू जा रं बाबा, ऊन उतरू दे,
चपलेचा अंगठा मला शिवू दे...*

दुसऱ्या पाळीला निघताना बाबांची घाई, तुटलेली चप्पल तशीच फरफटवत त्यांचं जाणं, दारात सुईदोरा घेऊन उभी असलेली ती. सगळं त्या दोन ओळींत होतं. दुसऱ्यांदा "हळू जा रं" म्हणताना "जा"वर तिचा आवाज फुटला. उचकीसारखा एक तुकडा घशातून बाहेर पडला आणि ती थांबली. थोडा वेळ नुसती घरघर वाजत राहिली. मग तिने माइक बाजूला केला.

"पुढचं तू बघ," ती म्हणाली. "माझ्याच्यानं नाही होत."

"काय बघू?"

"काय करायचं ते कर." आणि ती खाली उतरली.

धम्मदीप गाणं घेऊन बसला. पण संपवायचं काम आजवर त्याने कधी केलंच नव्हतं. आठवडे गेले. त्याने मैत्रेयीला मोबाइलवर दोनतीनदा काहीतरी पाठवलं, खाली लिहिलं, ताई ऐक ना. तिला ते उघडवेना. त्या दिवशीचा आपलाच आवाज पुन्हा ऐकायची हिंमत तिच्यात नव्हती. "ऐकते नंतर," एवढंच ती म्हणायची. तोही मग विचारायचा थांबला. तिला वाटलं, त्यानेही बाजूला ठेवलं असेल. त्याच्या फोनमध्ये अशी अर्धी गाणी ढिगाने पडलेली होती.

मे महिन्यात लॅबमधल्या किर्तीच्या भावाचं लग्न निघालं. किर्ती पालेगावची, शेतकऱ्यांच्या घरातली. भातखाचरं होती तिथे आता टॉवर उभे राहात होते, पण हिंदुरावांनी, म्हणजे तिच्या वडिलांनी, घरासमोरचं अंगण तेवढं राखलं होतं. भावाच्या, म्हणजे सुयोगच्या, हळदीला लॅबमधल्या सगळ्याजणी गेल्या. बाबांना जाऊन अजून वर्ष व्हायचं होतं, मैत्रेयीची इच्छा नव्हती, पण आईच म्हणाली, "जा, घरात बसून काय होणारे?"

ऊन कलायला लागलं होतं. नवरदेव पिवळाधमक झाला होता, बायका गाणी म्हणून थकल्या होत्या आणि आता डीजेची पाळी होती. दोन गाणी झाली. तिसरं सुरू झालं आणि पोरींनी एकच आरोळी ठोकली.

आधी नुसता ठेका. धावता, ठसकेबाज, पायाला ओढणारा. हा ठेका मैत्रेयीने डब्यावर ऐकला होता, दारावर ऐकला होता. आणि मग कोणी एक मुलगी बारीक, खट्याळ आवाजात गायला लागली, "हळू जा रं बाबा, ऊन उतरू दे..." तो आवाज कुणाचा आहे हे कळायला तिला एक क्षण लागला. वेग वाढवल्यावर तिचा जाड आवाजही असा बारीक पोरीसारखा होतो. "चपलेचा अंगठा मला शिवू दे!" पोरींनी खिदळत सुयोगच्या चपला पळवल्या, इथे चपलांचं गाणं म्हणजे नवऱ्याची थट्टाच, दुसरं काय असणार? आणि मग ती जागा आली. "हळू जा—" आणि उचकी. तोच तुकडा. कापून काढलेला, एकामागोमाग लावलेला. उचकी, उचकी, उचकी. अंगणातली प्रत्येक पोरगी गळ्यावर हात ठेवून खांदे उडवत होती. सगळ्यांची स्टेप एकच, म्हणजे मोबाइलवर बघून पाठ केलेली.

किर्ती धापा टाकत आली. "मॅडम, तुमचंच आहे ना हे? पोटमाळा! सांगितलं नाय कधी! रील बघितली का, सगळीकडे हेच चाललंय!"

मैत्रेयीला हसावं लागलं. ती भिंतीकडे सरकली. तिथे किर्तीची आजी वेणूबाई बाजेवर बसली होती. तिने मैत्रेयीचा हात धरला. "कं गो पोरी, तू नाचत नाय? पाय दुखतान का?"

"हो आजी," मैत्रेयी म्हणाली आणि तिच्या शेजारी बसली. गाणं संपलं, तसं पोरींनी तेच पुन्हा लावायला लावलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने धम्मदीपला चहासुद्धा पिऊ दिला नाही.

"तू मला विचारलं नाहीस."

"तीन वेळा विचारलं. तू ऐकलंच नाहीस. आणि तूच म्हणालीस, काय करायचं ते कर."

"मी रडत होते, दीपू. तू माझं रडणं कापून त्याच्यावर लोकांना नाचायला लावलंस."

धम्मदीपने मान खाली घातली. पण गप्प बसला नाही. "मला माहितीये तू रडत होतीस. म्हणूनच ते ठेवलं. एवढं खरं आपण आजवर काहीच गायलो नव्हतो. मी ते टाकून कसं देऊ?"

"मग तसंच ठेवायचं होतं. हळू. बाबा वाजवत होते तसं."

"बाबा तसे नव्हते!" तो एकदम ओरडला. मोरीपाशी आईच्या हातातलं भांडं थांबलं. "बाबा असे कधी हळू होते सांग? कधी? ते शेवटचे महिने म्हणजे बाबा नाहीत, ताई. ते खाटेवरचं कोणीतरी होतं. मी ते ठोके घेतले आणि जवळजवळ आणत गेलो, जवळजवळ आणत गेलो, आणि एका जागी आल्यावर एकदम बाबा आले. डबा वाजवत रिक्षात बसलेले. मी त्यांना बरं केलं, बस. दुसरं काही केलं नाही."

मैत्रेयीचा राग आणखी वाढला. "आणि हरेशभाईंनी काय केलं? त्यांनीही बरंच केलं?"

हरेशभाईंचं असं झालं होतं की त्यांनी दुकानात ते गाणं ऐकलं आणि खुर्चीतून उठले. "वडी साईं, ये तो शादी का गाना है! आग लगाएगा आग!" त्यांच्या ओळखीचे सगळे डीजे, त्यांचं चॅनेल, त्यांचाच पैसा. पिवळ्या साडीतल्या नटीला घेऊन व्हिडिओही झाला. खाली नाव मात्र दोघांचं होतं. धम्मदीपने तेवढं सोडलं नव्हतं.

"नाव काढून टाक माझं," मैत्रेयी म्हणाली.

"नाही काढणार. तुझंच गाणं आहे."

आई हात पुसत दारात आली. "मला दोन्ही ऐकवू नका," ती म्हणाली. "हळू पण नको, फास्ट पण नको. तोंडं बंद करा दोघं."

ती बंद झाली ती झालीच. घर लहान, त्यामुळे अबोला फार दाटीचा. धम्मदीपला कार्यक्रमांची बोलावणी येत होती, अंबरनाथपासून पार नाशिकपर्यंत. पुढे त्याने बदलापूरजवळ सोनिवलीला, नव्या टॉवरमध्ये भाड्याने फ्लॅट घेतला. आईने त्याच्या बॅगेत लोणच्याची बरणी ठेवली. मैत्रेयी त्या दिवशी लॅबमध्ये लवकर गेली.

त्यानंतर त्याची आणखी दोन गाणी आली. एकट्याची. ठेके जबरदस्त होते, चालीही. शब्द कुणाकडून तरी लिहून घेतलेले. पोरांनी आठवडाभर ऐकली आणि सोडून दिली. मैत्रेयीने काउंटरवर बसल्या बसल्या, आवाज बारीक करून, दोन्ही ऐकली. तिला बरं वाटायला हवं होतं. पण तिला ऐकताना सारखं वाटत होतं, इथे हा काहीतरी वेगळं म्हणत होता, आणि ते कुणी ऐकलंच नाही.

हळदीच्या गाण्यापासून मात्र सुटका नव्हती. रिक्षात, मोबाइलच्या दुकानात, लॅबमध्ये रक्त द्यायला आलेल्या माणसाच्या खिशात. ती स्वतः गाणं सोडून बसली होती. गुणगुणणंसुद्धा.

एका संध्याकाळी ती आईला घेऊन बाजारात गेली. भाजीवाल्याकडे वळून बघते तर आई मागे राहिलेली. चपलांच्या दुकानाबाहेर एक स्पीकर लावलेला होता आणि त्यावर तेच गाणं चालू होतं. आई पिशवी छातीशी धरून स्पीकरसमोर उभी होती. लोक तिला धक्के देऊन पुढे जात होते. मैत्रेयी जवळ गेली, तर आईने हात वर करून तिला थांबवलं. गाणं पूर्ण होईपर्यंत ती हलली नाही.

"तू म्हणालीस ना, ऐकायचं नाही?" मैत्रेयीने विचारलं.

"गाणं कोण ऐकतंय?" आई म्हणाली. "बोटं त्यांचीच आहेत गं. लग्नात पंगतीत बसून अशीच वाजवत होते. माझ्या शेजारी." मग चालू लागत म्हणाली, "कुठे लागलं की मी थांबते. रोजच थांबते. तुला सांगितलं नाही एवढंच."

दिवाळी झाली आणि मैत्रेयीने भावाला फोन केला. "रविवारी येऊ का रे तिकडे?" तो म्हणाला, "ये ना. मी खाली येऊन थांबतो."

तो खरंच फाटकापाशी उभा होता. वाळला होता. फ्लॅट चांगला होता. खिडकीतून डोंगर दिसत होते आणि एक खोली पूर्ण स्टुडिओ केलेली. भिंतींना काळा स्पंज, माइक परदेशी. तिने आणलेला डबा दोघांनी उघडून खाल्ला. आईचा गुडघा, गल्लीतलं नवं गटार, किर्तीच्या भावजयीला दिवस गेल्याची बातमी. त्या भांडणाबद्दल त्याने एकदाच तोंड उघडलं.

"ताई, मी तुझ्या समोर बसून ऐकवायला पाहिजे होतं."

"मी पण ऐकायला पाहिजे होतं," ती म्हणाली.

दोघांना हलकं वाटलं. इतकं की तो गिटार घेऊनच आला. "एक चाल आहे. खूप दिवस पडलीये. बघतेस?"

ती स्पंजाच्या भिंतीला टेकून बसली आणि डोळे मिटले. तो गायला लागला. साली माली वारी, दोरीत दारू. चाल सुंदर होती. तिने मन लावून ऐकलं. पुन्हा गा म्हणाली. पुन्हा. ती वाट बघत होती, नेहमी यायचा तसा एखादा शब्द त्या बडबडीतून वर येईल म्हणून. बडबड बडबडच राहिली.

शेवटी तिने काहीतरी सुचवलं. दोरी, वाळत घातलेले कपडे, शेजारचा वारा. ओळी नीट होत्या. कुठल्याही गाण्याला चालल्या असत्या.

"छान आहे," धम्मदीप म्हणाला.

"खरंच?"

"हो. मस्त. तुला आवडत असेल तर ठेवू."

"तुला चालीत बसवायला अवघड जात असेल तर बदलते."

"नाही नाही, तू म्हणशील तसं."

मैत्रेयीने डोळे उघडले. तो गिटारकडे बघत होता. तिला वाटलं, आता म्हण ना रे, शी म्हण. म्हण की सोसायटीची नोटीस आहे. पण तो म्हणणार नाही हे तिला दिसत होतं, आणि चाल मधे रेंगाळते हे तिलाही कळत असून ती सांगणार नव्हती. दोघं फार जपून बोलत होते. एकदा खोलवर लागून गेलेली माणसं जशी जपतात तसं. त्या जपण्यात माया होती, पण त्यातून गाणं निघत नव्हतं. दुपारभर त्यांनी ते ओढलं. एक कडवं झालं. त्याने रेकॉर्डही केलं. ऐकलं आणि दोघं म्हणाले, चांगलं झालंय. पुन्हा लाव असं कोणीच म्हणालं नाही.

उन्हं डोंगरामागे गेली होती. धम्मदीप कॉम्प्युटरपाशी गेला आणि पाठमोराच म्हणाला, "पहिला टेक आहे माझ्याकडे. तुझा. जसाच्या तसा. मी तो वेगळा ठेवलाय."

"ऐकतोस कधी?"

"नाही. वेग वाढवल्यावर परत मागे गेलोच नाही." मग म्हणाला, "आत्ता लावू? तू आहेस तर."

ती हो म्हणाली.

मशीनची घरघर आली. मग एक ठोका. मग पोकळी. धम्मदीप वाट बघत पुढे झुकला. दुसरा ठोका यायला इतका वेळ लागला की त्याने एकदा पडद्याकडे पाहिलं, बंद पडलं की काय म्हणून. मग तो आला. पुन्हा पोकळी. मैत्रेयीचा आवाज त्या पोकळ्यांमधून वाट काढत होता, जाड, खरा, तिचाच. उचकीच्या जागेपर्यंत गाणं पोचायच्या आधीच त्याने हात पुढे करून ते थांबवलं.

"एवढं हळू होतं?" त्याने विचारलं.

"हो रे."

"एवढं?" त्याचा चेहरा लहान मुलासारखा झाला होता. "मला आठवतच नव्हतं, ताई. मी विसरूनच गेलो होतो. एवढे दमले होते ते?"

तिने त्याचं डोकं ओढून खांद्याशी घेतलं. बाबा गेले त्या दिवशी धम्मदीप रडला नव्हता. मंडप, पाणी, माणसं यातच फिरत होता. आता तो रडला. ती त्याच्या पाठीवर हात फिरवत राहिली, आणि त्याच्या हुंदक्यांना काही ठेका नव्हता, काही चाल नव्हती, ते नुसते हुंदके होते.

त्या दिवशीचं कडवं कधी पुरं झालं नाही. पोटमाळा बंद झाला असं कोणी जाहीर केलं नाही, कुणी तसं ठरवलंही नाही. धम्मदीप हळूहळू स्वतः गायचा थांबला. उल्हासनगरला हरेशभाईंच्या दुकानाच्या वर त्याने रेकॉर्डिंगची खोली घेतली. दुसऱ्यांची गाणी तो फार चांगली करून देतो म्हणतात. मैत्रेयी लॅबमध्येच आहे. रविवारी तो अंबरनाथला जेवायला येतो, आईला दवाखान्यात नेतो, बहिणीशी घरभर गप्पा मारतो. भांडत मात्र नाहीत दोघं. शेजारणी म्हणतात, भावंडं असावीत तर अशी. शालन भाकऱ्या थापत राहते.

त्याच थंडीत बाबांचं वर्षाचं पुण्यानुमोदन झालं. गल्लीत छोटा मंडप, बुद्धवंदना, मग जेवणं. गायन पार्टीतले बाबांचे जुने सोबती आले होते. नाथाकाका तर पेटीच घेऊन आले होते. जेवणं उरकल्यावर त्यांनी दोनतीन गाणी म्हटली. म्हातारे आवाज, पण मंडप भरून गेला. मग पेटीवर हात ठेवून ते म्हणाले, "आता राजेंद्रच्या पोरांनी एक म्हणावं. काय मैत्रेयी? दीपू? बापासाठी."

लोक वळून बघायला लागले. पुढे बसलेल्या शालननेही मान वळवली. मैत्रेयीने भावाकडे पाहिलं, त्याने तिच्याकडे. दोघांनाही क्षणभर वाटलं की जमेल.

"तुम्हीच म्हणा काका," ती म्हणाली. "आम्ही ऐकतो."

नाथाकाकांनी पेटीचा भाता ओढला. मैत्रेयी आईशेजारी जाऊन बसली. धम्मदीप उठून मागे गेला आणि लोकांना पाणी द्यायला लागला.